तीनदा विचारलेला भाव

अहिल्यानगर,
२४ मार्च २०२५

प्रिय दानीएलमामा,
सलाम.

आई म्हणाली, कानाचं नवं यंत्र तुम्ही पुन्हा बायबलशेजारी ठेवून दिलंय आणि फोन वाजला की तो स्टेलामामीच्या हातात देता. मोबाईलवरचं काही वाचायचं नाही अशी तर तुमची शपथच आहे. म्हणून हे पत्र. शाळेनंतर पहिल्यांदाच एवढं हाताने लिहितेय. अक्षराला हसू नका.

मी मोठ्या अडचणीत आहे मामा. विमा कंपनीत लागून मला सहाच महिने झालेत आणि नोकरी पक्की होणार की नाही ते एप्रिलअखेर ठरायचं आहे. अठरा तारखेला गोजरबाई नावाची एक बाई आमच्या शाखेत आली. सत्तरीला टेकलेली, नऊवारी नेसलेली. जत्रांमधून आकाशपाळणा चालवते. पाळण्यात बसलेल्या कुणाला इजा झाली तर भरपाई मिळावी म्हणून विमा लागतो. तो नसेल तर पोलीस पाळणा उभारायची परवानगी देत नाहीत. मी विचारलं, पाळणा केवढा? ती म्हणाली, "बारा डब्यांचा." मी कॉम्प्युटरवर बैठकांच्या रकान्यात बारा टाकले. हप्ता आला नऊ हजार सहाशे. दर छापून तिच्या हातात दिला. तिने तिथल्या तिथे रोख भरले, पावती घेतली, पॉलिसी पदरात गुंडाळली आणि गेली.

मामा, एका डब्यात चार माणसं बसतात! जत्रेतला माणूस पाळणा डब्यांवर मोजतो, आमचा कॉम्प्युटर माणसांवर. म्हणजे बैठका अठ्ठेचाळीस आणि खरा हप्ता अडतीस हजार चारशे.

मोठ्या ऑफिसने दोनच दिवसांत चूक पकडली. गोजरबाईला पत्र गेलं, की राहिलेले पैसे भरा, नाहीतर पॉलिसी रद्द. शनिवारी ती थेट शाखेत येऊन उभी राहिली. सगळ्यांदेखत म्हणाली, "भाव पुकारला की पुकारला. आता त्यो चढायचा न्हाई." आणि निघून गेली. तिची पहिली मोठी जत्रा बारा एप्रिलला, चैत्री पौर्णिमेला आहे.

आमचे शाखेचे साहेब, काकासाहेब, यांनी मला आत बोलावलं. म्हणाले, एक ओळ लिहून दे: 'पैसे भरण्यापूर्वी हा आकडा कच्चा असल्याचे मी ग्राहकास सांगितले होते.' एवढ्याने कंपनी सुटते आणि तुझी नोकरीही. आठ तारखेला पुण्याहून मोठ्या मॅडम येणार आहेत, त्यांच्यासमोर हा कागद ठेवायचा आहे.

मी तसं काही सांगितलं नव्हतं. पण खरं सांगू? ती बाई भारी बेरकी आहे. इतक्या जत्रा केलेल्या बाईला हप्ता कमी लागलाय हे कळलं नसेल? चूक माझी, पण मलई खाल्ली तिने. तुम्ही चौतीस वर्षं कोर्टात कारकुनी केलीत. सांगा, चुकून कमी सांगितलेला भाव द्यावाच लागतो का?

तुमची,
कृपा

श्रीरामपूर,
२७ मार्च २०२५

चि. कृपा हिस,
अनेक आशीर्वाद आणि सलाम.

तुझं पत्र मामीने आधी वाचलं, मग मी वाचलं, मग शेजारच्या जस्टिनने मागितलं, त्याला दिलं नाही. अक्षर तुझ्या आईसारखंच आहे, मुंग्यांची रांग. पण मुद्दा मोठा आहे, म्हणून चष्मा पुसून बसलो.

हे बघ. बाजारात भाव सांगणं म्हणजे नुसतं बोलावणं. समोरच्याने हो म्हणेपर्यंत तो मागे घेता येतो. पण तिने हो म्हटलं, पैसे दिले, तुम्ही पावती दिली, पॉलिसी दिली. आता तो करार झाला. एकाच बाजूची चूक झाली म्हणून करार मोडत नाही, नाहीतर दर सोमवारी अर्धा बाजार उठून कोर्टात आला असता. कंपनीचा कॉम्प्युटर, कंपनीची खुर्ची, खुर्चीवर कंपनीने बसवलेली तू. तू बोललीस म्हणजे कंपनीच बोलली.

याला एकच फाटा आहे. समोरच्याला चूक दिसत होती आणि तरी त्याने मुकाट्याने झडप घातली, तर त्याला करार धरून बसता येत नाही. म्हणून तर तुझ्या काकासाहेबांना ती ओळ हवी आहे. ते वकील व्हायचे राहून गेलेले दिसतात.

तेव्हा सगळं एका गोष्टीवर अडलंय: तिला माहीत होतं का? तू 'कळलं नसेल?' असं मलाच विचारतेस. मी तिथे नव्हतो, तू होतीस. पैसे देताना ती काय बोलली? एखादा प्रश्न? तुझ्या पत्रात ती येते, पैसे भरते आणि जाते. खेडवळ म्हातारी एवढी मुकी असते हे मी कोर्टात कधी पाहिलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नये, पोरी.

त्या ओळीवर सही करू नकोस. निदान माझं पुढचं पत्र येईपर्यंत तरी. पगाराची काळजी सोड. तुझ्या मामीच्या पेन्शनीत एक भाकरी जास्त भाजली जाईल.

तुझा,
दानीएलमामा

अहिल्यानगर,
१ एप्रिल २०२५

प्रिय मामा,
सलाम.

तुमच्या पत्राने मला झोप येईना. रविवारी उपासना आटोपून मी कर्जतची एसटी धरली आणि गोजरबाईंच्या गावी गेले. पाडवा होता, दारोदार गुढ्या होत्या. जत्रांचा हंगाम सुरू व्हायच्या आधी, पाडव्याला, त्या आपल्या घराजवळच्या माळावर पाळणा उभारून तपासतात. मी ठरवून गेले होते की त्यांना चार शब्द सुनवायचे, पटवायचं, रडायचंसुद्धा. मामा, यातलं काहीच झालं नाही. मी जे पाहिलं ते कसं सांगावं तेच मला कळत नाहीये.

मोकळ्या माळावर पन्नास फुटांचा तो पाळणा, आणि त्याच्या अगदी टोकाला, कासोटा खोचून, अनवाणी गोजरबाई! हातात लोखंडी पाना. एकेका बोल्टवर पान्याने टोला द्यायचा, कान लावायचा, पुढे सरकायचं. खाली त्यांची सून रेश्मा मोजत होती. सगळे बोल्ट सारखेच वाजत होते, निदान मला तरी. एकाएकी त्या वरून ओरडल्या, "ह्यो मुका हाय. काढा." रेश्माच्या नवऱ्याने वर चढून तो बोल्ट काढला आणि खाली आणून माझ्या हातावर ठेवला. चकचकीत, नवा कोरा. मी म्हटलं, याला काय झालंय? रेश्माने तो उन्हात फिरवला. मानेजवळ केसाएवढी चीर होती. आमची कंपनी विमा उतरवण्याआधी फक्त फोटो मागवते.

खाली उतरल्यावर त्यांनी मला ओळखलं. मला वाटलं, आता हाकलतील. तर म्हणाल्या, "आलीस का? आधी बस पाळन्यात, मंग भांडू." माझी बोबडी वळली होती, पण बसले. डबा टोकाला पोचला तेव्हा मी डोळे उघडले. खाली सगळा तालुका पसरलेला. चारी बाजूंना कोरडा पिवळा माळ, त्यात एक हिरवी पट्टी, आणि लांबवर काळविटांचा कळप पळत होता. इथल्या इथे राहून मी हे कधी पाहिलंच नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने नव्हे.

गावातले अजिनाथ म्हणून जत्रा कमिटीचे एक गृहस्थ तिथे बसले होते. त्यांनी मला एक सांगितलं. या पाळणेवाल्यांत रीत आहे: जत्रेच्या पहिल्या दिवशी तिकिटाचा भाव माईकवरून पुकारायचा. मग कमिटीचा माणूस तीनदा विचारतो, "हाच भाव?" तिन्ही वेळा हो म्हटलं, की जत्रा उठेपर्यंत तो बदलत नाही. सहा वर्षांपूर्वी रेश्मा नवी सून होती. पन्नासच्या जागी वीस म्हणून बसली आणि घाबरून तिन्ही वेळा हो म्हणाली. गोजरबाईंनी पाचही दिवस वीस रुपयांत पाळणा फिरवला. जनरेटरच्या डिझेललाही पैसे पुरेनात. "म्हातारी सुनंला एक सबुद बोलली न्हाई," अजिनाथ म्हणाले. "उलट म्हनली, माईक आपला, तोंड आपलं, मंग भाव बी आपलाच."

मी गोजरबाईंना विचारलं, तीनदाच का? त्या म्हणाल्या, "पयल्यांदा मानूस चुकतो. दुसऱ्यांदा घाईत आसतो. तिसऱ्यांदा मातर त्यो सोता बोलतो."

मामा, आता भांडं पुढे करते. त्या दिवशी पैसे देण्याआधी त्यांनी मला विचारलं होतं, "पोरी, हाच भाव ना?" मी हो म्हटलं. पैसे मोजता मोजता पुन्हा विचारलं. मी हो म्हटलं. जेवणाची सुट्टी व्हायची होती, माझा डबा उघडलेला होता. पावतीवर शिक्का मारताना त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी वैतागून म्हणाले, "आजी, छापलेलं आहे, वाचता येत नसेल तर माझा वेळ घेऊ नका." हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं, कारण मला स्वतःलाही ते आठवायचं नव्हतं. बेरकी मी त्यांना म्हटलं!

त्या ओळीवर मी सही करणार नाही. पण हे तीनदा विचारल्याचं सांगू का नको?

तुमची,
कृपा

श्रीरामपूर,
४ एप्रिल २०२५

चि. कृपास,
आशीर्वाद.

घाईत लिहितोय, आजच्या टपालात पडलं पाहिजे.

ओळीवर सही नाही, हे पक्कं. पण तीनदा विचारल्याचं तोंडातून काढू नकोस. नीट विचार कर. तिने विचारलं का? शंका आली म्हणून. शंका आली हे एकदा कबूल झालं, की तिचा वकील असता तर त्याने कपाळावर हात मारला असता. 'बाईला माहीतच होतं' म्हणायला कंपनी मोकळी. तिची पॉलिसी जाईल आणि तुझी नोकरीही. तुझ्या खरं बोलण्याने दोघींचंही वाटोळं होईल.

तुझ्या कागदात एवढंच लिही: बारा हा आकडा मी भरला, पैसे घेतले, पॉलिसी दिली. प्रत्येक शब्द खरा आहे. विचारलं तेवढ्यालाच उत्तर द्यायचं, नाहीतर जमिनीकडे बघायचं. कागद बोलतो तेवढा पुरे असतो. चौतीस वर्षांत गप्प बसलेल्या माणसाचं काही बिघडलेलं मी पाहिलं नाही.

गोजरबाईंबद्दल जे लिहिलंस ते मी मामीला तीनदा वाचून दाखवायला लावलं, म्हणजे तिच्या ओठांवरून पुन्हा वाचलं. अशी माणसं आहेत हे ठाऊक असणं बरं. पण कोर्टात अशी माणसंच आधी हरतात.

दानीएलमामा

अहिल्यानगर,
९ एप्रिल २०२५

प्रिय मामा,
सलाम.

काल झालं. भराभर लिहितेय, अक्षर लागत नसेल तर मामीला विचारा.

तुम्ही सांगितलं तसाच कागद मी दिला. काकासाहेबांनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि टाचणीने फाईलला लावला. ती ओळ त्यात नव्हती, पण दुसरंही काही नव्हतं. पुण्याच्या मॅडम शांत होत्या, चष्म्याची दोरी गळ्यात. समोर गोजरबाई. सोबत रेश्मा आली होती, तिला बाहेर बसवलं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत, जमिनीकडे बघत.

मॅडमनी सगळं वाचलं आणि एकच प्रश्न विचारला. "आजी, हप्ता इतका कमी लागला. तुम्हाला तो चुकीचा वाटला नाही का?"

मामा, 'नाही' एवढा एक शब्द पुरला असता. त्यांच्या पॉलिसीला हात लावायची कुणाची छाती झाली नसती. मी मनात म्हणत होते, नाही म्हणा, आजी, नाही म्हणा.

त्या म्हणाल्या, "वाटला की. गेल्या साली दुसऱ्या कंपनीनं चाळीस हजार घेतलं हुतं. ह्ये नऊ सांगत्यात म्हनल्यावर शंका यायचीच."

काकासाहेब खुर्चीत पुढे सरकले. "झालं तर मग, मॅडम. बाईंना माहीत होतं."

"शंका हुती," गोजरबाई म्हणाल्या. "म्हनून तीनदा इचारलं, हाच भाव का. तिन्ही टायमाला व्हय म्हनले. मंग पैसं दिलं. चौथ्यांदा इचारनं म्हंजी समोरच्याला खोटा म्हननं. त्ये मी करत न्हाई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कुणाला विचारलंत?"

गोजरबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमच्या कंपनीला."

"आजी, कंपनी म्हणजे माणूस असतो. नाव सांगा. साक्षीदार नसेल तर तुमचं हे बोलणं मला धरता येणार नाही."

"न्हाई धरता येत तर सोडा. नाव न्हाई घेनार. लेकरू नवीन हाय. माझ्या रेश्मानं बी चुकी केल्ती."

मामा, त्यांचा अख्खा हंगाम त्या एका नावावर टांगलेला होता. जी त्यांना वाचता येत नसेल म्हणून टोचून बोलली, तिला त्या झाकत होत्या. चर्चमध्ये मी लहानपणापासून साक्षी ऐकल्या आहेत, लोक उभे राहून देवाने आपल्याला काय दिलं ते सांगतात. स्वतःचं जात असताना दिलेली साक्ष मी काल पहिल्यांदा पाहिली. त्यांच्याकडे बघताना मला पाळण्याच्या टोकावर वाटलं होतं तसंच वाटलं, की माझ्याएवढ्या लहान माणसाला हे दिसतंय तरी कसं!

मी उठून उभी राहिले. कधी उठले ते मलाही कळलं नाही. म्हणाले, "मला विचारलं. तीनदा. मी तिन्ही वेळा हो म्हणाले. तिसऱ्यांदा अपमान करून म्हणाले. हा आकडा कच्चा आहे असं मी कधीच सांगितलं नाही. तसं लिहून द्यायला मला सांगण्यात आलं होतं."

काकासाहेबांचा चेहरा मी पाहिला नाही. मॅडमनी फाईलमधला माझा कागद पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाल्या, "शंका येऊन जो गप्प बसतो, तो समोरच्याच्या चुकीचा फायदा घेतो. शंका येऊन जो विचारतो, त्याला उत्तर द्यायचं काम आपलं असतं. यांनी तीनदा संधी दिली, आपण तिन्ही वेळा हो म्हणालो. आता चूक आपली आणि भावही आपलाच. पॉलिसी वर्षभर आहे तशी राहील, अठ्ठेचाळीसही माणसांसाठी. पुढच्या वर्षी नवा दर सांगू."

गोजरबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, "पुढच्या साली बराबर मोजा." आणि उठल्या. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

आज सकाळी मला कळवण्यात आलं, की तीस एप्रिलनंतर माझी गरज नाही. हलगर्जीपणा, असं कारण आहे, आणि ते खोटं नाही. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. घरी आईला अजून सांगितलेलं नाही.

मामा, रागावू नका, पण एक विचारते. तुमचं ऐकून मी गप्प बसले त्याची मला लाज वाटते. तुम्ही म्हणालात, गप्प बसलेल्या माणसाचं काही बिघडत नाही. पण गप्प बसलेल्याचं नाही बिघडत, समोरच्याचं बिघडतं. चौतीस वर्षांत तुम्हाला हे कधी दिसलं नाही का?

तुमची,
कृपा

श्रीरामपूर,
१४ एप्रिल २०२५

चि. कृपा हिस,
सलाम.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. काल झावळ्यांचा रविवार होता, मी चर्चमध्ये गेलो नाही. मामीला सांगितलं पाय दुखतोय. पाय दुखत नव्हता.

आधी तुझं. आईला आजच सांग. नोकरी गेल्याचं वाईट वाटणारच, वाटू दे. पण तू उभी राहिलीस तो प्रसंग मी इतक्यांदा वाचलाय की कागद घडीवर फाटायला आला. बायबलमधल्या पेत्राने भीतीपोटी आपल्या प्रभूला तीनदा नाकारलं होतं. तू वैतागून तीनदा हो म्हणालीस, पण चौथ्यांदा खरं बोललीस. मी तुझा मामा आहे याचा मला फार अभिमान वाटतो, आणि तेवढीच माझी मलाच लाज वाटते.

तू विचारलंस, मला कधी दिसलं नाही का. दिसलं होतं. एकोणतीस वर्षं झाली. त्या कोर्टाचं नाव लिहीत नाही, चूक कोर्टाची नव्हती, माझी होती. बजरंग नावाच्या एका माणसाला विहिरीच्या हिश्श्याच्या दाव्यात नोटीस काढायची होती. तारीख होती सोळा. मी लिहिली एकोणीस. सोळाला तो आला नाही, त्याच्यावर एकतर्फी निकाल झाला. एकोणीसला तो धुतलेला सदरा घालून, बायकोला घेऊन, वेळेच्या आधी माझ्या टेबलापुढे उभा. मी सांगितलं, निकाल लागला, तुम्ही आला नाहीत. त्याने नोटीस पुढे केली. "भाऊसाहेब, कागदावर एकोनीस हाय. तुमीच बघा."

मी बघितलं. माझंच अक्षर होतं. तो कागद त्याच्या हातात राहिला असता तर निकाल फिरवता आला असता आणि मला मेमो मिळाला असता, एवढंच. तेव्हा तुझी आई लग्नाची होती, मी घरातला एकटा मिळवता होतो. ही कारणं मी एकोणतीस वर्षं स्वतःला देतोय. मी म्हणालो, "बघू, ठेवून जा." त्याने विश्वासाने ठेवला. दोनदा परत विचारायला आला, दोन्ही वेळा मी मान वर केली नाही. तिसऱ्यांदा आला नाही. विहीर गेली.

तुला गप्प बस म्हणताना मला वाटत होतं की मी तुला सांभाळतोय. तुझी गोजरबाई त्या खोलीत माझ्या भाचीला सांभाळत होती, स्वतःचं सगळं सोडून. हे वाचून मी थक्क होऊन बसून राहिलो. माणूस असाही असतो, आणि मी एवढी वर्षं कोर्टात बसून माणसं ओळखायचा तोरा मिरवत आलो.

ती नोटीस माझ्याकडे आहे. रिटायर झालो तेव्हा टेबलाच्या खणातून काढून घरी आणली, जाळवली नाही. बजरंग आता अकोले तालुक्यातल्या एका वाडीवर, मुलीकडे राहतो असं जुन्या शिपायाकडून कळलंय. मामीला आज सगळं सांगितलं. तिने माझा शर्ट इस्त्रीला टाकला.

उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. कायद्याने आता त्या कागदाचा काही उपयोग नाही, हे मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी तो त्याच्या हातात देणार आहे आणि तारीख मी चुकवली होती हे त्याच्या बायकोदेखत सांगणार आहे. त्याने दारातून हाकललं तर परवा पुन्हा जाईन.

तुझा,
दानीएलमामा